जुन्या ऑफ-रोड गाडीसाठी योग्य पॉवर स्टिअरिंग ऑइल कसे निवडावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्याकडे साधारण २००५ पूर्वीची, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी आहे आणि जे ती पक्का रस्ता सोडून दगडधोंड्यांतून, चिखलातून आणि पाण्यातून चालवतात, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. अशा गाडीच्या बाबतीत ऑइलचा साधा प्रश्नही गुंतागुंतीचा होतो, कारण पुस्तिकेत छापलेला प्रकार बहुधा बाजारातून गेलेला असतो, आधीच्या मालकांनी टाकीत काय काय ओतले याची कुठे नोंद नसते, आणि पंप किंवा स्टिअरिंग बॉक्स मूळचाच आहे याचीही खात्री देता येत नाही.

गाडीच्या पुस्तिकेत ‘डेक्सरॉन २’ लिहिले आहे आणि दुकानात तो प्रकार मिळत नाही. त्याऐवजी काय घालावे?

डेक्सरॉन हे ऑइलच्या एखाद्या कंपनीचे नाव नसून जनरल मोटर्सने आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी ठरवलेले मानक आहे. या कंपनीचे पहिले मानक १९४९ मध्ये ‘टाइप ए’ या नावाने आले, डेक्सरॉन हे नाव १९६७ पासून वापरात आले, दुसरी पिढी सत्तरच्या दशकात, तिसरी १९९३ मध्ये आणि सहावी २००५ मध्ये आली. टोयोटाच्या ७० आणि ८० मालिकेतील लँड क्रूझर, निस्सानची पॅट्रोल, मित्सुबिशीची पजेरो, लँड रोव्हरची डिफेंडर या गाड्यांचा त्या कंपनीशी काहीही संबंध नसताना त्यांच्या पुस्तिकांत डेक्सरॉनचे नाव सापडते, कारण हे ऑइल जगात बहुतेक ठिकाणी मिळत होते आणि स्टिअरिंगच्या पंपाला हवे असलेले जवळपास सगळे गुण त्यात होते.

‘डेक्सरॉन २’ मागणाऱ्या गाडीत तिसऱ्या पिढीच्या दर्जाचे ऑइल निःशंकपणे घालता येते. अडचण इतकीच की तिसऱ्या पिढीचे परवाने जनरल मोटर्सने २००६ च्या अखेरीस संपवले. त्यामुळे आज डब्यावर ‘डेक्सरॉन ३’ छापलेले जे ऑइल मिळते, ते त्या मानकाच्या तोडीचे असल्याचा दावा उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर करत असतो आणि त्यावर मूळ कंपनीची देखरेख नसते. दावा खोटा असतोच असे मुळीच नाही, पण म्हणूनच डब्याच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागच्या बाजूचा बारीक मजकूर अधिक कामाचा ठरतो. तिथे उत्पादकाचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक आणि हे ऑइल पॉवर स्टिअरिंगमध्ये वापरण्याजोगे असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. यांपैकी काहीच नसेल तर तो डबा कितीही स्वस्त असला तरी परत ठेवावा.

गिअरबॉक्सचे ऑइल स्टिअरिंगमध्ये कसे काय चालते?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल, म्हणजे ज्याला सगळे एटीएफ म्हणतात ते, मुळात हायड्रॉलिक ऑइलच असते. ते थंडीत फार घट्ट होत नाही, तापल्यावर फार पातळ होत नाही, त्याला फेस कमी येतो आणि नायट्राइल रबराच्या ऑइल सीलना ते मानवते. स्टिअरिंगच्या पंपाला याहून वेगळे काही नको असते.

एटीएफच्या निरनिराळ्या प्रकारांतील सर्वांत मोठा फरक घर्षण नियंत्रित करणाऱ्या रसायनांचा असतो, आणि नेमका तोच फरक इथे गैरलागू ठरतो. गिअरबॉक्समध्ये ओल्या क्लच प्लेट असतात आणि त्या किती हळुवार पकड घेतात हे त्या रसायनांवर ठरते. सुरुवातीच्या डेक्सरॉनमध्ये तर या कामासाठी चक्क स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जात होते. स्टिअरिंगमध्ये क्लच नसतोच. म्हणून फोर्डने आपल्या जुन्या गाड्यांत असे कोणतेही घर्षणनियंत्रक नसलेले ‘टाइप एफ’ स्टिअरिंगसाठी वापरले आणि इतरांनी ते असलेले डेक्सरॉन वापरले, तरी दोघांच्याही पंपांनी वर्षानुवर्षे सुखाने काम केले. गिअरबॉक्सच्या बाबतीत ऑइलच्या प्रकारावरून जे कडाक्याचे वाद होतात, ते जसेच्या तसे स्टिअरिंगवर लादण्याची त्यामुळे गरज नाही. इथे पाहायच्या गोष्टी तीनच आहेत : थंड आणि गरम अवस्थेतील दाटपणा, सीलशी जुळणे आणि फेस न येणे.

मग डेक्सरॉन ६ का घालू नये? तो तर अधिक नवा आणि अधिक चांगला आहे.

घालता येतो, जनरल मोटर्सने तो जुन्या डेक्सरॉनची जागा घेणारा म्हणूनच आणला. मात्र तो मुळात थोडा पातळ आहे. १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा ६.४ सेंटीस्टोकपेक्षा (हे दाटपणा मोजण्याचे एकक) जास्त असू नये असे त्याचे मानक सांगते, तर तिसऱ्या पिढीचे नवे ऑइल त्याच तापमानाला सर्वसाधारणपणे ७ ते ७.५ सेंटीस्टोक भरते. याला दुसरी बाजू अशी की तिसऱ्या पिढीचे ऑइल वापरात भरडले जाऊन बऱ्यापैकी पातळ होते, तर सहाव्या पिढीचे फारसे होत नाही. म्हणजे वर्ष-दोन वर्षांनी दोघांतला फरक पुष्कळ कमी झालेला असतो.

माझे मत असे आहे की पंप आणि बॉक्स धडधाकट असतील तर सहावी पिढी घालण्यात काहीच गैर नाही. पंपाच्या पाती आणि बॉक्समधील व्हॉल्व्ह झिजलेले असतील, इंजिन तापल्यावर कमी आरपीएमला स्टिअरिंग जड होत असेल, किंवा सील आधीच पाझरत असतील, तर मुद्दाम पातळ ऑइलकडे जाऊ नये. तिथे तिसऱ्या पिढीच्या दर्जाचे ऑइलच बरे.

डब्यावर फक्त ‘पॉवर स्टिअरिंग फ्लुइड’ असे लिहिलेले ऑइल आणि एटीएफ यांत काय फरक आहे?

त्या नावाखाली अनेक वेगवेगळी ऑइल विकली जातात आणि खरी मेख तिथेच आहे. काही डब्यांत रंग नसलेले एटीएफसदृश खनिज ऑइल असते, काहींत सील फुगवणारी रसायने मुद्दाम जास्त घातलेली असतात, तर काहींत पूर्णपणे कृत्रिम आणि बरेच पातळ ऑइल असते. एकाच घराण्याच्या गाड्यांतही पद्धत बदलते : जीपच्या जुन्या चेरोकीला कंपनीचे स्वतंत्र पॉवर स्टिअरिंग फ्लुइड लागे, तर २००७ पासूनच्या रँग्लरला एटीएफ+४ हे क्रायस्लरच्या मानकाचे एटीएफ सांगितलेले आहे. त्यामुळे ‘जीपला अमुक लागते’ किंवा ‘जपानी गाड्यांना तमुक लागते’ अशी सरसकट वाक्ये ऐकून खरेदी करू नये. टाकीच्या झाकणावर बहुधा प्रकार कोरलेला असतो. चिखल पुसून तो वाचावा आणि पुस्तिकेशी ताडून पाहावा.

रंगावरून ऑइल ओळखता येते का?

येत नाही. रंग हा फक्त मिसळलेला डाय असतो. एटीएफ लाल असते ते गळती कुठून होते हे इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखता यावे म्हणून, आणि तो लाल रंग काही हजार किलोमीटरनंतर तपकिरी होतो, याचा अर्थ ऑइल संपले असा होत नाही. हिरव्या रंगाने तर फारच घोटाळा होतो. सिट्रोएनच्या जुन्या गाड्यांतील एलएचएम हे खनिज ऑइल हिरवे असते, पेंटोसिनचे सीएचएफ ११एस हे कृत्रिम ऑइलही हिरवे असते, आणि या दोघांची अदलाबदल करता येत नाही.

हे हिरवे कृत्रिम ऑइल जुन्या गाडीत घातल्यास स्टिअरिंग हलके होईल का?

लँड रोव्हरच्या नंतरच्या काही गाड्यांत आणि अनेक युरोपीय गाड्यांत अतिथंड हवेसाठी बनवलेले असे ऑइल मूळचेच असते आणि त्या गाड्यांत दुसरे काही घालू नये. ४० अंशाला सीएचएफ ११एसचा दाटपणा सुमारे १८ ते १९ सेंटीस्टोक असतो, म्हणजे त्याच तापमानाच्या एटीएफच्या जवळपास निम्मा. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करताना याचा मोठा फायदा होतो. मात्र ज्या पंपातील फटी एटीएफ गृहीत धरून ठेवल्या आहेत आणि ज्या पंपाने आता दोन-तीन लाख किलोमीटर पाहिले आहेत, त्याला इतके पातळ ऑइल देऊन हाती काही लागत नाही. स्टिअरिंगचे हलकेपण पंपाचा दाब, व्हॉल्व्हची रचना आणि टायर यांवर ठरते.

दोन प्रकार एकत्र झाले तर काय होते?

खनिज एटीएफचे दोन प्रकार, किंवा एटीएफ आणि खनिज पॉवर स्टिअरिंग फ्लुइड एकत्र झाले तर स्टिअरिंगमध्ये काहीही भयंकर घडत नाही, आणि घरी परतेपर्यंत त्याची काळजी करण्याचे कारण नाही. एटीएफ आणि हिरवे कृत्रिम हायड्रॉलिक ऑइल एकत्र करू नये, कारण त्यांची रसायने एकमेकांसाठी तपासलेली नसतात आणि फेस रोखण्याची क्षमता कमी होऊ शकते. टाकीत काय आहे हे ठाऊक नसेल, तर वरून भर घालत बसण्यापेक्षा सगळे ऑइल एकदा बदलून टाकणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे.

आडबाजूला ऑइल गळून गेले आणि सोबत योग्य प्रकार नसेल तर काय घालता येईल?

कोणतेही एटीएफ चालेल. ते नसेल तर आयएसओ व्हीजी ३२ श्रेणीचे साधे हायड्रॉलिक ऑइल, जे यंत्रसामग्रीसाठी सर्रास वापरले जाते, ते तात्पुरते चालेल. ४० अंशाला त्याचा दाटपणा एटीएफच्या जवळ असतो, फक्त थंडीत ते अधिक घट्ट होते आणि तापल्यावर अधिक पातळ होते. काहीच मिळाले नाही तर पंपाचा बेल्ट काढून, हाताच्या जोराने स्टिअरिंग फिरवत सावकाश गाडी आणावी, पण त्याच बेल्टवर पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर चालत नाही ना, हे आधी पाहावे. कोरडा पंप काही किलोमीटर फिरवला तर तो पंप गेलाच, आणि त्याचा धातूचा चुरा बॉक्समध्ये उतरला म्हणजे दुरुस्तीचा खर्च दुपटीवर जातो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये : ब्रेक ऑइल घालू नये. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार ग्लायकॉलवर आधारलेले असतात आणि त्यांच्यासाठी वेगळ्या रबराचे सील बनवलेले असतात. स्टिअरिंगमधील नायट्राइल रबर त्यात फुगते आणि मऊ पडते. उलट बाजूनेही धोका तेवढाच आहे. ब्रेकच्या टाकीत एटीएफचे थोडे जरी ऑइल गेले तरी ब्रेकचे सील फुगून ब्रेक जाम होऊ शकतात. काही जड अमेरिकी गाड्यांत ब्रेकचा बूस्टरच, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, स्टिअरिंगच्या पंपावर चालतो. तिथे बूस्टरमध्ये स्टिअरिंगचे ऑइल आणि त्याला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल असे दोन शत्रू वीतभर अंतरावर नांदत असतात, म्हणून अशा गाडीवर काम करताना फनेलसुद्धा वेगळे ठेवावे.

माझ्या गाडीत पॉवर स्टिअरिंग आहे की नाही हेच नक्की कळत नाही.

इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप आणि स्टिअरिंग बॉक्सला जोडलेले दोन पाइप नसतील तर स्टिअरिंग साधे आहे. साध्या बॉक्समध्ये गिअर ऑइल, बहुधा ८०डब्ल्यू-९०, किंवा अर्धप्रवाही ग्रीस लागते आणि त्यात एटीएफ घातले तर ते सीलमधून गळून जाते. पुढच्या ॲक्सलच्या टोकांना असलेल्या गोल नकल हाउसिंगमधील ग्रीसचाही पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलशी काही संबंध नाही.

इंजिन बदललेले आहे आणि पंप दुसऱ्या कंपनीचा आहे. आता कोणती पुस्तिका पाहावी?

बॉनेटवरच्या नावाला इथे किंमत नाही. पंप ज्या गाडीचा आहे तिची आणि बॉक्स ज्या गाडीचा आहे तिची, अशा दोन्ही पुस्तिका पाहाव्यात. दोन्हींत एटीएफ सांगितले असेल तर प्रश्न मिटला. एकात एटीएफ आणि दुसऱ्यात हिरवे कृत्रिम ऑइल सांगितले असेल, तर सील बदलण्याची संधी साधून दोन्ही भाग एकाच ऑइलसाठी तयार करून घ्यावेत. अशा जोडलेल्या यंत्रणेत ऑइलइतकाच पंपाचा दाब आणि प्रवाह जुळणेही महत्त्वाचे असते, परंतु तो विषय वेगळा आहे.

मोठे टायर लावले आहेत आणि दगडांवरून गाडी नेताना स्टिअरिंगचे ऑइल उकळून बाहेर येते. अधिक दाट किंवा रेसिंगचे ऑइल घालावे का?

आधी हे का होते ते पाहिले पाहिजे, कारण ऑइल बदलून हा दोष फार थोडा सुधारतो. रस्त्यावर स्टिअरिंग बहुतेक वेळ सरळ असते आणि पंप जवळपास दाबाशिवाय ऑइल फिरवत असतो. दगडांत गाडी ताशी दोन-तीन किलोमीटरने चालते, टायर फटीत अडकलेला असतो आणि चालक स्टिअरिंग शेवटच्या टोकापर्यंत वळवून तिथेच दाबून धरतो. त्या क्षणी पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, उघडतो आणि दाब ८० ते १०० बारपर्यंत किंवा त्याहून वर जातो. ऑइल कुठलेही काम न करता पंपातल्या पंपात फिरत राहते आणि इंजिनची ती सगळी शक्ती उष्णतेत बदलते. गाडी जवळपास उभी असल्यामुळे वाराही मिळत नाही. टोकाला स्टिअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये हा नियम याचसाठी आहे. स्टिअरिंग टोकाला टेकल्याबरोबर ते एक बोटभर मागे सोडण्याची सवय लावली तरी तापमानात फरक पडतो.

ऑइलचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याच्या ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने ९० अंशांना जे ऑइल दोन वर्षे टिकले असते, ते १२० अंशांना अवघे तीन महिने टिकेल. म्हणून पैसे खर्च करायचे असतील तर आधी परतीच्या पाइपवर कूलर बसवावा. तो नेहमी परतीच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूलाच बसवायचा असतो, आणि जिथे चिखल साचणार नाही पण वारा लागेल अशा जागी असावा. त्यानंतर कृत्रिम एटीएफ घालावे, कारण ते उष्णतेत खरोखरच जास्त टिकते. अधिक दाट ऑइल मात्र थंड असताना पंपाकडे पुरेशा वेगाने ओढले जात नाही, पोकळ्या तयार होतात आणि पंप कण्हू लागतो. शिवाय दाट ऑइल फिरवतानाही उष्णता निर्माण होते, हे दाट ऑइलचा आग्रह धरणारे सोयीस्करपणे विसरतात.

उकळून बाहेर येणारे ऑइल गरम एक्झॉस्टवर पडले तर पेट घेऊ शकते. टाकीत ऑइल ‘गरम’ पातळीच्या खुणेच्या वर भरलेले नाही ना हे म्हणूनच निघण्यापूर्वी पाहावे.

सकाळी इंजिन सुरू केले की पंप कण्हतो आणि टाकीत फेस दिसतो. ऑइल चुकीचे आहे का?

असू शकते, पण बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या जाड पाइपमध्ये दाब नसून ओढ असते, त्यामुळे तिथला क्लॅम्प सैल असला तर ऑइल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. बाहेरून सगळे कोरडे दिसत असूनही फेस येतो, तेव्हा सर्वांत आधी हाच पाइप पाहावा. वर्षानुवर्षे ऑइलमध्ये राहून रबर आतून मऊ झालेले असते आणि ओढीने चपटे होते.

हवा आहे की नाही हे तपासण्याची एक चांगली पद्धत जपानी कंपन्यांच्या कार्यशाळा पुस्तिकांत दिलेली असते. इंजिन गरम करून चालू ठेवावे, टाकीतील पातळी पाहावी, इंजिन बंद करावे आणि पुन्हा पाहावी. पातळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर आली तर आत हवा आहे. अनेक टाक्यांच्या तळाशी बारीक जाळी असते, तीही एकदा काढून धुवावी, कारण ती बुजली की पंप उपाशी राहतो आणि तसाच आवाज करतो.

सील गळत आहेत. ‘लीक-स्टॉप’ घालावे का?

ही द्रव्ये रबर थोडे फुगवून आणि मऊ करून काम करतात. वाळून कडक झालेल्या सीलचे पाझरणे त्यामुळे काही महिने थांबू शकते. फाटलेल्या सीलवर, खड्डे पडलेल्या शाफ्टवर किंवा चिरलेल्या पाइपवर त्यांचा उपयोग होत नाही, आणि सगळेच सील एकसारखे फुगत असल्यामुळे जे चांगले होते तेही मऊ पडतात. ज्या गाडीचा बॉक्स पुढच्या दोन महिन्यांत उघडायचा ठरला आहे तिच्यात घालावे, इतरांनी सीलचा संच बदलावा.

गळती शोधताना दाबाच्या पाइपवर बोट फिरवू नये. १०० बार दाबाने सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघणारी धार दिसत नाही, पण त्वचा भेदून ऑइल आत जाऊ शकते, आणि ती जखम वरून किरकोळ दिसत असली तरी शस्त्रक्रियेची वेळ आणते. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपजवळ धरून फिरवावा. ओला डाग कुठे उमटतो ते पाहावे.

आत्ता टाकीत असलेल्या ऑइलची अवस्था कशी ओळखावी?

पांढऱ्या टिश्यू पेपरवर एक थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे. चांगले एटीएफ एकसारख्या गुलाबी वर्तुळात पसरते. मध्ये काळा ठिपका आणि भोवती फिकट कडे दिसले तर त्यात झीज आणि रबराचे कण आहेत. ऊन दाखवल्यावर चमचमणारी कणी दिसली तर तो पंपाचा धातू आहे आणि नुसते ऑइल बदलून भागणार नाही.

मी एक जुनी गाडी घेतली तेव्हा तिच्या टाकीतील ऑइल मधासारखे दिसत होते, म्हणून ते मूळचेच पॉवर स्टिअरिंग फ्लुइड असावे असे मी गृहीत धरले. टिश्यूवरचा थेंब मात्र दहा मिनिटांनीही जागचा हलला नाही. नाकाजवळ नेल्यावर गंधकाचा उग्र वास आला, आणि मग लक्षात आले की कुणीतरी सील गळतात म्हणून सरळ गिअर ऑइल ओतले होते. गळती खरोखरच थांबली होती. पण सकाळी स्टिअरिंग फिरवताना गाडी म्हशीसारखी हंबरत असे. ऑइल बदलल्यावर हंबरणे थांबले आणि गळती परत आली, मग सील बदलले. टिश्यूचा कागद वापरायला एक मिनिट लागते, आणि मी तो गाडी घेण्याआधी वापरला नव्हता.

सगळे ऑइल बदलण्याची योग्य पद्धत कोणती?

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे मोठ्या सिरिंजने टाकी रिकामी करून नवे ऑइल भरणे, थोडी गाडी चालवणे आणि पुन्हा तेच करणे. ती पुरेशी आहे का याचे गणित मांडता येते. यंत्रणेत एकूण एक लिटर ऑइल असेल आणि त्यातले ४०० मिलिलिटर टाकीत मावत असेल, तर एका खेपेनंतर जुने ऑइल ६० टक्के उरते, दुसऱ्या खेपेनंतर ३६, तिसऱ्यानंतर सुमारे २२, चौथ्यानंतर १३ आणि पाचव्यानंतर ८ टक्के. म्हणजे पाच खेपांत दोन लिटर नवे ऑइल खर्च होते आणि तरीही जुने थोडे उरतेच. एकाच प्रकारातले ऑइल ताजे करायचे असेल तर तीन खेपा पुरे. प्रकार बदलायचा असेल किंवा चुकीचे काही पडले असेल तर ही पद्धत सोडून द्यावी.

तेव्हा पुढची चाके जॅकवर उचलून स्टँडवर ठेवावीत, परतीचा पाइप टाकीपासून काढून बाटलीत सोडावा आणि टाकीचे मोकळे झालेले तोंड बुचाने बंद करावे. इंजिन सुरू न करता एकाने स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे आणि दुसऱ्याने टाकीत नवे ऑइल ओतत राहावे. टाकी रिकामी होऊ देऊ नये. बाटलीत नव्या रंगाचे स्वच्छ ऑइल येऊ लागले की पाइप जोडावा. त्यानंतर हवा काढण्यासाठी इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग आणखी पंधरा-वीस वेळा फिरवावे, बुडबुडे थांबेपर्यंत भर घालावी आणि मगच इंजिन सुरू करावे. घाई करून आधीच इंजिन सुरू केले तर पंप हवेचे बारीक बुडबुडे ऑइलमध्ये घुसळून टाकतो आणि ऑइल स्ट्रॉबेरीच्या दुधासारखे दिसू लागते. मग ते तासभर तसेच सोडून देण्याखेरीज उपाय नसतो.

किती दिवसांनी बदलावे?

बऱ्याच उत्पादकांनी याला कालावधीच दिलेला नाही. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर असा अंदाज धरतो, आणि दगडांत नियमित चालणाऱ्या गाडीत वर्षातून एकदा बदलतो. खोल पाण्यातून गाडी नेली असेल तर मात्र दिवस मोजत बसू नये. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते आणि गरम टाकी थंड पाण्यात बुडाली की ती आत पाणी ओढून घेते. ऑइल दुधाळ दिसले तर ते त्याच आठवड्यात बदलावे. शंका असेल तर तापलेल्या धातूच्या पत्र्यावर, डोळ्यांवर चष्मा चढवून, एक थेंब टाकावा. तडतड आवाज आला तर त्यात पाणी आहे.

उरलेले ऑइल किती काळ ठेवता येते?

न उघडलेला डबा कोरड्या आणि सावलीच्या जागी काही वर्षे सहज टिकतो. उघडलेला डबा झाकण घट्ट लावून, उघडल्याची तारीख वर लिहून ठेवावा आणि पुढच्या बदलीच्या वेळी संपवावा. लहान बाटलीत काढून गाडीत ठेवायचे असेल तर ती बाटली नवी असावी. ब्रेक ऑइलची रिकामी बाटली कितीही धुतली तरी या कामासाठी वापरू नये. काढलेले जुने ऑइल इंजिनच्या जुन्या ऑइलसोबत, ते गोळा करणाऱ्याकडे द्यावे.